कोऱ्या पानाच्या मागे

प्रवेश परीक्षेचा पेपर सुटला की बाहेर जे चालतं, त्याला आमच्या अभ्यासिकेत पंचनामा म्हणत. मेलेल्या पेपराभोवती सगळे गोल करून उभे राहणार, कुणी काय उत्तर दिलं याची चौकशी होणार, आणि निघताना निम्म्या लोकांचे चेहरे उतरलेले असणार. मला या प्रकाराचा मनापासून तिटकारा होता. देऊन झालेला पेपर पुन्हा उकरून काय मिळतं, असं मी दिसेल त्याला विचारायचे, आणि विचारत विचारत पुढे सरकून आतल्या गोलात उभी राहायचे. अभ्यासिकेत मला भांडकुदळ म्हणत. ते नाव ज्याने ठेवलं त्याच्याशीही मी भांडून घेतलं होतं.

खरं सांगायचं तर मी पंचनाम्याला जायचे ती आजोबासाठी.

आजोबा म्हणजे म्हातारा माणूस नव्हे. पंचविशीच्या आतबाहेरचा होता. पण आम्ही सगळे नुकते शाळा संपवून आलेले, आमच्यात तो म्हणजे आधीच्या पिढीचा माणूस. त्यातून तो पहाटे बेकरीत भट्टीवर काम करून थेट अभ्यासिकेत यायचा, तेव्हा त्याच्या भुवयांवर आणि कानामागच्या केसांवर मैदा बसलेला असायचा. पहिल्याच दिवशी कुणीतरी म्हणालं, "आजोबा आले, जागा द्या." तो रागावला नाही. "बसा पोरांनो, बसा," असं म्हणत कमरेवर हात ठेवून हळूच खुर्चीत बसला. नाव चिकटलं ते चिकटलंच.

अभ्यासिका टायरच्या दुकानाच्या वर होती. खाली हातोडे पडत, वर रबराचा वास येई, आणि एकच पंखा होता तो मान हलवत सगळ्यांना आळीपाळीने वारा घाली. आजोबाची जागा जिन्याच्या तोंडाशी, सगळ्यांत वाईट. येणाजाणाऱ्याचा धक्का लागायचा. ती त्याने स्वतःहून घेतली होती, कारण घरून फोन आला तर कुणाला न उठवता खाली पळता यावं.

फोन यायचा तो त्याच्या वडिलांचा. ते रंगारी होते. इमारतीच्या बाहेरून रंग देताना कधी त्यांचा पाय घसरला नाही, आणि एका घरातलं साधं छत रंगवून झाल्यावर शिडीवरून उतरताना ते पडले. खाली पोचलो असं समजून त्यांनी पाय सोडला आणि अजून दोन पायऱ्या बाकी होत्या. खुब्याचं हाड मोडलं. "बाबांचं गणित दोनने चुकलं," असं आजोबा सांगायचा. ज्या वर्षी हे झालं, त्याच वर्षी त्याची पहिली परीक्षा होती. ती राहिली. पुढच्या वर्षी बेकरी आणि बाबा यांच्यामध्ये अभ्यास राहिला. मग एकदा बसला आणि मार्क कमी पडले, पुन्हा बसला आणि थोडे कमी पडले.

त्याला फिजिओथेरपीला जायचं होतं. बाबांना चालायला शिकवायला हॉस्पिटलमधून ज्या बाई यायच्या, त्यांच्यावरून हे खूळ त्याच्या डोक्यात शिरलं होतं. त्या बाईंनी पहिल्या दिवशी बाबांना असं चाला, तसं चाला, काही सांगितलं नाही. म्हणाल्या, "तुम्ही खुर्चीतून कसे उठता ते आधी मला दाखवा." बाबा चिडून उठले, आणि ते चिडून कसे उठतात हे पाहून बाईंना कळलं की चुकतंय कुठे. पुढे बाई यायच्या थांबल्या, तेव्हा व्यायाम करून घ्यायचं काम मुलाकडे आलं. जिन्याचा कठडा धरून बाबा एकेक पायरी शिकले. शिव्या देत शिकले, पण शिकले. आजोबा म्हणायचा, "मला हेच करायचंय. दुसरं काहीच नाही." पण त्या कॉलेजच्या प्रवेशाला वयाची अट होती. हे वर्ष गेलं की तो तिच्यात बसणार नव्हता. म्हणजे ही शेवटची संधी, आणि हे अभ्यासिकेतल्या पंख्यालासुद्धा माहीत होतं.

आता पंचनाम्याचं. परीक्षा सरावाची असो की खरी, प्रश्नपत्रिका परत घेत असत, आणि पेपरातला प्रत्येक प्रश्न शब्दाला शब्द आठवणारा माणूस आमच्यात एकच होता. त्यामुळे लोक त्याला घेरायचे. तो प्रश्न म्हणून दाखवायचा आणि मग विचारायचा, "तुझं काय आलं?" तुम्ही उत्तर सांगितलंत की लगेच, "कसं काढलंस, दाखव." दाखवल्याशिवाय सुटका नव्हती. आणि उत्तर चुकलेलं असलं तरी तो चुकलं असं कधी म्हणायचा नाही. म्हणायचा, "आपण दोघांनी वेगळे रस्ते धरले." याचा अर्थ काय हे सगळ्यांना पक्कं ठाऊक होतं, तरीही तो असं म्हणाला की पोटात जरा कमी दुखायचं. मला या गुळमुळीतपणाची चीड होती. एकदा मी त्याला म्हटलं, "सरळ चुकलं म्हण ना. एवढं काय जपायचं?" तो म्हणाला, "चुकलं म्हटलं की माणूस कसं काढलं ते दाखवायचं थांबतो."

खऱ्या परीक्षेच्या आदल्या दिवशी सगळे त्याच्याभोवती जमले होते. गेल्या कितीतरी वर्षांचे, नंतर छापून आलेले पेपर तो कोळून प्यायला होता. त्याने शांतपणे एकेक गोष्ट सांगितली. पेन कुठलं घ्यायचं, पाणी केव्हा प्यायचं, उत्तरपत्रिकेवरचे गोळे काळे करताना हात कसा ठेवायचा. मग म्हणाला, "पेपराच्या शेवटी एक कोरं पान येतं. वर कच्च्या कामासाठी असं छापलेलं असतं. ते आलं की पेपर संपला. मग मागे फिरायचं आणि निवांत तपासत बसायचं."

पोरांनी माना डोलावल्या. सगळ्यांत जोरात मान डोलावली ती हळूबाईने. ही आमच्यातली सगळ्यांत लहान. बोलायची इतकं हळू की तिच्याशी बोलणारा आपोआप पुढे वाकायचा. तिलाही फिजिओथेरपीलाच जायचं होतं. सगळे आजोबाला अरेतुरे करत, ती मात्र त्याला दादा आणि तुम्ही म्हणायची, आणि त्याने सांगितलेलं ब्रह्मवाक्य मानायची.

परीक्षेच्या दिवशी दोन पेपर होते. सकाळी भौतिक आणि रसायन, दुपारी जीवशास्त्र, आणि मधल्या सुट्टीत शाळेच्या आवारातच थांबायचं. एकदा फाटकाबाहेर गेलं की परत आत घेत नव्हते. सकाळी पर्यवेक्षिका बाईंनी सूचना वाचायला सुरुवात केली. आजोबा माझ्या पलीकडच्या रांगेत होता. सूचना चालू असताना तो दरवर्षी डोळे मिटून बसतो असं त्याने सांगितलं होतं, तसाच तो बसला. सूचना त्याला पाठ होत्या. बाईही अशा सुरात वाचत होत्या की ऐकणाऱ्याला झोप यावी.

पेपर बरा होता. शेवटी ते कोरं पान आलं, वर कच्च्या कामासाठी असं छापलेलं. आता माझा स्वभाव असा की पुढे काही नाही असं कुणी सांगितलं की मला पुढे बघितल्याशिवाय चैन पडत नाही. मी पान उलटलं. मागे पाच प्रश्न होते. त्या वर्षी पाच प्रश्न वाढवले होते, हे पहिल्या पानावर लिहिलेलंही होतं, बाईंनी वाचलंही होतं. मी पाचही सोडवले, आणि आजोबाला त्याच्या ब्रह्मवाक्यावरून कसं छळायचं याची मनात तयारी करत बाहेर आले.

सायकली लावायच्या शेडखाली पंचनामा भरला होता. आमचे होते, दुसऱ्या क्लासची अनोळखी पोरंही होती. आजोबा मध्ये उकिडवा बसून काटकीने मातीत आकृत्या काढत होता. पेपर त्याला फार चांगला गेला होता, हे त्याच्या मानेवरूनच दिसत होतं. प्रश्न म्हणायचा, उत्तर विचारायचा, पुढे सरकायचा. तेवढ्यात एक उंच मुलगा म्हणाला, "त्या लिफ्टच्या प्रश्नाचं काय आलं? कोऱ्या पानामागच्या?"

आजोबाची काटकी थांबली. फार वेळ नाही. नीट पाहत नसतं तर कुणाला कळलंही नसतं.

"प्रश्न म्हण बरं," तो त्या मुलाला म्हणाला.

मी चरकले. प्रश्न म्हणण्याचं काम आजवर त्याने दुसऱ्या कुणाला दिलं नव्हतं. उंच मुलाने आठवेल तसा प्रश्न सांगितला. लिफ्ट वर निघाली आहे, आत वजनकाट्यावर माणूस उभा आहे, काटा काय दाखवेल. आजोबाने मातीत चौकोन काढला, त्यात एक काडीचा माणूस काढला, दोन बाण काढले. "तुझं काय आलं?" मुलाने सांगितलं. "कसं काढलंस?" मुलाने तेही सांगितलं. आजोबाने क्षणभर मान खाली घातली, मनात काहीतरी केलं, आणि म्हणाला, "बरोबर आहे तुझं. जा, पाणी पी."

मग त्या पानावरचा दुसरा प्रश्न आला, तिसरा आला. पाचही आले. प्रत्येक वेळी त्याने समोरच्याकडून प्रश्न म्हणवून घेतला, तिथेच उकिडवं बसून सोडवला, आणि ज्याचं चुकलं होतं त्याला वेगळा रस्ता नीट आखून दाखवला. आवाज तोच. घाई नाही. एका मुलीचा प्रश्न चुकला म्हणून तिच्या डोळ्यांत पाणी आलं, तर तिला म्हणाला, "अगं, एकच गेला. दुपारच्या पेपरात भरून निघेल." मला त्या क्षणी त्या मुलीच्या मुस्काटात द्यावीशी वाटली. हा माणूस पाचच्या पाच घालवून बसलाय आणि तू एकासाठी रडतेस, असं ओरडून सांगावंसं वाटलं. तो माझ्याकडे बघत होता. त्याने नुसती मान हलवली. मी गप्प बसले. माझ्या आयुष्यात मी इतकी गप्प फार थोड्या वेळा बसले असेन.

गर्दी पांगायला लागली तेव्हा मी त्याला धरलं. "सांगितलं का नाहीस त्यांना?"

"त्यांचा दुपारचा पेपर राहिलाय ना," तो म्हणाला. "आता त्यांना माझं दुःख कशाला?"

एवढ्यात मागून अगदी बारीक आवाज आला. "दादा, कुठलं पान?"

हळूबाई उभी होती. हातात उघडलेला डबा, घास तसाच. तिने सगळं ऐकलं होतं. अभ्यासिकेतल्या बाकीच्या पोरांनी पान सहज चाळून पाहिलं होतं. एकटीने दादाचा शब्द तंतोतंत पाळला होता.

आजोबाचा चेहरा खरा उतरला तो तेव्हा. स्वतःचे पाच गेले तेव्हा नाही. तो उठून उभा राहिला आणि म्हणाला, "मी तुला चुकीचं सांगितलं. माझंही राहिलं." वेगळा रस्ता वगैरे काही म्हणाला नाही. तिने डबा बंद केला, पिशवीत ठेवला आणि फाटकाकडे चालायला लागली.

तो तिच्या मागे धावला, आणि त्याच्या मागे मी. फाटकावर रखवालदार काकांनी कडी काढलीसुद्धा होती. "बाई, एकदा बाहेर गेलीस की परत नाही," असं ते तिला बजावत होते, आणि ती मान हलवत होती.

"आता बसून काय उपयोग, दादा?" ती म्हणाली. मी पुढे वाकून ऐकलं.

तो धापा टाकत होता. मला वाटलं, आता हा समजूत घालेल, धीर सोडू नको म्हणेल, मोठ्या माणसांसारखं काहीतरी सांगेल. तो म्हणाला, "उपयोगाचं मला माहीत नाही. पण मी तुझ्या बरोबर मागच्या बाकावर आहे. तू गेलीस तर तो बाक माझ्यासमोर रिकामा राहील, आणि हे मी केलं, एवढंच मला दिसत राहील. हा माझा शेवटचा पेपर आहे गं. मला लक्ष लावून लिहायचाय. तेवढं कर माझ्यासाठी."

तिचं भलं करायला कुणी आलं असतं तर ती गेलीच असती. पण इथे दादा तिच्याकडे काहीतरी मागत होता. तिने पिशवी खांद्यावर नीट घेतली आणि मागे वळली. रखवालदार काकांनी कडी परत लावली आणि म्हणाले, "आत जा लवकर, घंटा होईल."

दुपारी सूचना चालू झाल्या तेव्हा मी मुद्दाम त्याच्याकडे पाहिलं. डोळे सताड उघडे ठेवून तो शब्द न् शब्द ऐकत होता. आणि ती पुढच्या बाकावर ताठ बसली होती, पाठ त्याला दिसावी अशी.

पेपर सुटल्यावर पुन्हा पंचनामा भरला. मला वाटलं होतं, तो आज निघून जाईल. नाही. आधी त्याने अभ्यासिकेतल्या सगळ्यांना जवळ बोलावलं, पुढच्या वर्षी बसणारी जी पोरं नुसती बघायला आली होती त्यांनाही, आणि सकाळची गोष्ट स्वतःच्या तोंडाने सांगितली. "यापुढे माझं ऐका," तो म्हणाला, "पण ऐकून झालं की पान उलटा." कुणी हसलं नाही, तेव्हा तो एकटाच हसला. मग काटकी उचलली आणि जीवशास्त्राचे प्रश्न पहिल्यापासून म्हणायला लागला.

मी त्याच्याबरोबर घरापर्यंत गेले, कारण त्याच्याशी माझं भांडायचं राहिलं होतं. वाटभर मी भांडले. परीक्षा घेणाऱ्यांशी, कागद छापणाऱ्यांशी, झोप आणणाऱ्या बाईंशी. तो मध्येच "हो" म्हणायचा. त्याच्या इमारतीपाशी आलो तर जिन्याच्या खाली, दाराजवळ, एका स्टुलावर त्याचे बाबा बसलेले. काठी मांडीवर आडवी. कुणाच्याही मदतीशिवाय ते खाली उतरून आले होते, हे पाहून तो जागच्या जागी थांबला.

"कसा गेला?" बाबांनी विचारलं.

"एक पान उलटायचं राहिलं, बाबा. पेपर संपला असं समजून थांबलो. पुढे पाच प्रश्न होते."

बाबांनी मांडीवरची काठी सरळ केली. मग म्हणाले, "घराण्यातच आहे आपल्या."

आणि दोघं हसायला लागले. हसता हसता बाबांना स्टुलावर तोल सांभाळेना, तर आजोबाने त्यांना धरलं, आणि दोघं पुन्हा हसले. मी एकटीच रडत होते, आणि त्याचाही मला राग येत होता.

दिवस गेले आणि याद्या लागल्या. कॉलेजच्या लांबलचक व्हरांड्यात फळ्यांसमोर ही गर्दी. आमच्या अभ्यासिकेतलं एकही पोर आपलं नाव शोधत नव्हतं. सगळे फिजिओथेरपीच्या यादीवर बोट फिरवत होते, वरून खाली, खालून वर. हळूबाईचं नाव होतं. दुपारच्या पेपरने तिला तारलं होतं. आजोबाचं नव्हतं. जीवशास्त्रात त्याचे मार्क आमच्यापैकी कुणाच्याही पुढे होते, पण एकूण बेरजेत तो थोडक्यात राहिला. त्या पाचांतले दोन जरी मिळाले असते तरी आत होता.

आज तो मोठ्या हॉस्पिटलच्या तळमजल्यावर, जिथे कृत्रिम पाय आणि आधाराचे पट्टे बनवतात त्या विभागात काम करतो. त्या शिक्षणाला वयाची अट नव्हती. भुवया पुन्हा पांढऱ्या असतात, मैद्याऐवजी आता प्लास्टर. नवा पाय बसवायला आलेल्या माणसाला तो आधी विचारतो, "तुम्ही कसे उभे राहता, दाखवा." वरच्या मजल्यावर हळूबाई फिजिओथेरपिस्ट आहे. दोघांचं एखाद्या पेशंटवरून पटलं नाही की जिन्यातच पंचनामा भरतो. बऱ्याचदा तिचं बरोबर निघतं, आणि तसं निघालं की तो सगळ्यांत खूश असतो. ती अजून त्याला दादाच म्हणते, आणि अजून पुढे वाकूनच ऐकावं लागतं. माझा घोटा मुरगळला तेव्हा मी तिथे गेले होते, म्हणून मला माहीत.

पण मला तो आठवतो तो यादीच्या दिवशीचा. मी फळ्यासमोर उभी राहून आकांडतांडव करत होते. पाच प्रश्न, म्हणत होते, नुसते पाच प्रश्न, तेही तुला येत होते, एका कागदाच्या मागे राहिले, हा कुठला न्याय. हळूबाई बाजूला भिंतीला चिकटून उभी होती. स्वतःचं नाव यादीत असल्याची तिला लाज वाटत होती.

आजोबाने माझं सगळं बोलणं संपू दिलं.

"राहिले कुठे?" तो म्हणाला. "सोडवले की मी ते. शेडखाली, तुझ्यासमोर. पाचही बरोबर आले."

मग तो हळूबाईकडे वळला आणि कॉलेज कधी सुरू होतं ते विचारायला लागला.